मेघाचे उरलेले सेन्सर

४ मे
सकाळी पंचफुला आली, बुटीबोरीहून. कापडाच्या कारखान्यात कामाला आहे. तिच्या सात वर्षांच्या दामिनीलाही मेघासारखाच डायबेटिस. दवाखान्यातल्या नर्सने माझा नंबर दिला.

माझी लेक मेघा मागच्या पावसाळ्यात डेंग्यूने गेली. तिच्या दंडाला लावायचे तीन सेन्सर कपाटात आहेत. एक चौदा दिवस चालतो. साखर मोबाईलवर दिसते, उतरली की अलार्म वाजतो. जूनअखेर मुदत संपते.

"विकत घेणं आमच्यानं होत नाही ताई. बोटं टोचून टोचून पोरगी हात लपवते."

पंचफुलाने डबे हातात घेतले. मग खाली ठेवले. "सासूले विचारतो."

५ मे
कोणी आलं नाही. दिवसभर कूलरचा आवाज.

७ मे
पंचफुलाचा फोन. मागून सासू बायजाबाईचं सगळं ऐकू येत होतं— "मेलेल्या लेकराची वस्तू जित्या लेकराच्या आंगाले? काहून?" मग तिनेच फोन घेतला.

"असं करा बाई, एक तुम्ही सोताले लावा. तुमच्या वापरातली झाली का मंग ते तुमचं देणं. पोरीचं नाही."

म्हटलं, एक वाया जाईल. दामिनीचेच चौदा दिवस जातील!

"जाऊ द्या. दोन तं मिळतीन."

राग आला. पण नाही म्हटलं असतं तर तिन्ही गेले असते.

८ मे
लावला. मेघा एक-दोन-तीन म्हणायची आणि दोनलाच ओरडायची. मी न मोजताच दाबला. टच्‌ झालं, बस. एवढंच दुखायचं तिला— बरं वाटलं.

१० मे
बायजाबाई स्वतः आली, पंचफुलाला घेऊन. दंड दाबून पाहिला. "चिकटलं वं चांगलं!" मग पदर पसरला. मी दोन्ही डबे त्यात ठेवले.

"नवरी पाहावं तसं पाह्यलं मायनं तुमाले!" पंचफुला म्हणाली. मीही हसले बहुतेक.

संध्याकाळी फोटो आला. दामिनीचा दंड, वर सेन्सर. दात दाखवून हसतेय.

११ मे
दुपारी अलार्म वाजला. मेघाच्या खोलीकडे धावले. दारात थांबले. मोबाईल पाहिला— अडुसष्ट. माझीच साखर. कालपासून काही खाल्लंच नव्हतं.

वरण-भात लावला. ताट वाढून घेतलं आणि जेवले.