वरच्या वाडीचे टायर

॥ श्री ॥
वैशाखरे, ता. मुरबाड
५ मे २००२

ती. दादास,
धाकट्या अनिताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं लेहहून पाठवलेलं पत्र पोचलं. आई बरी आहे. भाताच्या रोपासाठी राब भाजताना धुराने धरलेला बाबांचा खोकलाही आता सुटला. तिकडे सैन्याच्या गाड्या दुरुस्त करताना हातमोजे घालतोस ना, हे आईने तीनतीनदा लिहायला सांगितलंय.

आता माझी बातमी. गुरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून रुजू झाले आणि घाटाखालचे सगळे पाडे माझ्या वाट्याला आले. त्यात सगळ्यात अवघड ती वरची वाडी. डांबरी रस्ता संपला की एसटीही संपते. आजवर लोक आजारी गुरं खाली आणायचे. पण आजारी म्हैस उतरण उतरत नाही रे, वाटेतच बसते. म्हणून मी तुझी बुलेट बाहेर काढली. थांब, पत्र चुरगाळू नकोस!

कापणी झालेल्या शेतात चालवायला शिकले. बाबांनी विचारलं, एवढं धूड पडलं तर उचलणार कोण? मी त्यांच्यासमोरच गाडी आडवी केली, सीटला पाठ लावली आणि पायांच्या जोरावर उभी केली. बाबा बैल सोडायला निघून गेले.

अडचण एवढीच की टायर साफ गुळगुळीत झालेत. माझी निम्मी वाट माळशेजच्या डांबरी रस्त्याची, निम्मी चिखल-दगडांची. नाक्यावरच्या धाऊ पंक्चरवाल्याकडे दोन जाती आहेत, एक रोडचा आणि एक मोठ्या ठोकळ्यांचा, ज्याला तो बटन टायर म्हणतो. रोडचा घेतला तर वाडीत रुतेन आणि बटनचा घेतला तर डांबरावर काय होईल ठाऊक नाही. तूच सांग.

लोभ आहेच, तो रागावल्यावरही ठेवावा.
तुझी,
अनिता

॥ श्री ॥
लेह
२२ मे २००२

चि. अनितास,
दादाचे अ. उ. आ. इथे अजून सकाळी थंडीने बोटं वाकत नाहीत, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

खरं सांगू? आधी रागावलोच. माझ्या बुलेटला मी गावात कुणाला हात लावू दिला नव्हता. मग गाडी उचलल्याचं वाचलं आणि ते पुन्हा वाचलं. आमच्याकडे नव्याने आलेले धडधाकट जवान तसली बुलेट उचलताना पाठ धरून बसतात. तुझा तो परिच्छेद मी वर्कशॉपात मोठ्याने वाचून दाखवला. एका सरदारजी हवालदाराने विचारलं की ही मुलगी भरती का झाली नाही. मी सांगितलं, ती म्हशींच्या पलटणीत आहे.

टायरचं म्हणशील तर बटनच घे, आणि दोन्ही चाकांना घे. इथे खडीवर, वाळूवर, नाल्यात आम्ही तेच वापरतो. डांबरावर जरा घरघर करतील, तेवढं सोस. बाकी, पावसाळ्यात सावकाश जा आणि आईला न सांगता कुठे जाऊ नकोस.

आशीर्वादांत कमी नाही, पत्रांत तू करू नकोस.
तुझा दादा,
हरेश

॥ श्री ॥
वैशाखरे
२ जुलै २००२

ती. दादास,
सा. न. वि. वि. नमस्कार डाव्या हाताने आहे, कारण उजवा बांधलाय. घाबरू नकोस, हाड शाबूत आहे.

तुझ्या सांगण्याप्रमाणे बटन टायर घातले. वाडीच्या चढावर गाडी बकरीसारखी चढली! तिथल्या म्हशीवाल्या तानीने तर चाकाला हळद-कुंकू लावलं. पण मागच्या आठवड्यात टोकावड्याअलीकडच्या वळणावर भिजल्या डांबरावर पुढचं चाक माझ्या खालून निघूनच गेलं. समोरून एसटी येत होती. ड्रायव्हरने वेळेत थांबवली म्हणून हे पत्र लिहितेय. बाबांनी त्याच संध्याकाळी शहापूरचं एक गिऱ्हाईक बोलावलं. बुलेट विकायची म्हणतात. मी खूप विनवलं तेव्हा गणपतीपर्यंत थांबायला तयार झाले. पुन्हा पडले तर मात्र गाडी गेली आणि तिच्याबरोबर वरची वाडीही गेली.

पडल्यावर मी धाऊच्या दुकानात बसून टायर उलटेपालटे करून पाहिले. ठोकळे लांब लांब असले की चिखल धरतात, पण डांबराला रबर लागतं कुठे? नुसती टोकं टेकतात. ओल्यावर ती घसरणारच. मला दोन्हीकडे चालणारा हवा. मधोमध सलग पट्टा, म्हणजे सरळ रस्त्यावर रबर टेकलेलं राहील. कडेला ठोकळे, पण बसके आणि जवळजवळ, म्हणजे वळणावर लचकणार नाहीत आणि चिखलातही थोडं चावतील. धाऊ म्हणाला की असा टायर ना धड इकडचा, ना तिकडचा. मी म्हटलं की माझी वाटही तशीच आहे. शेवटी त्याने कल्याणहून जोडी आणून दिली. चिखलात हे बटनएवढे चढणार नाहीत, हे मला कळतंय. तिथे मी कमी पडणार नाही असं बघते.

या खेपेला विचारत नाही, कळवतेय. राग मानू नकोस.
जशी होते तशीच,
अनिता

॥ श्री ॥
लेह
१८ जुलै २००२

चि. अनितास,
अ. उ. आ.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. मी खडीचा रस्ता डोळ्यांपुढे ठेवून सल्ला दिला, तू तुझ्या पायाखालचा रस्ता बघितलास. तुझी निवड मी वर्कशॉपातल्या आमच्या उस्तादांना सांगितली. ते म्हणाले की पडल्यावर लोक रस्त्याला शिव्या देतात, हिने टायर वाचून काढला.

आता माझ्याकडून दोनच गोष्टी घे. नवा टायर आधी निसरडा असतो, थोडं चालवून त्याची चमक जाऊ दे. आणि डांबर संपलं की दोन्ही चाकांतली थोडी हवा सोड, टायर पसरून चिखल धरेल. फार सोडू नकोस, नाहीतर ट्यूब रिंगमध्ये चिमटेल. परतताना पायपंपाने भर.

बाबांना मी वेगळं काही लिहीत नाही. मी लिहिलं तर ते माझं ऐकतील. त्यांनी तुझं ऐकायला हवं.

हात बरा झाल्याचं उजव्या हाताने कळव.
दादा

॥ श्री ॥
वैशाखरे
२८ आगस्ट २००२

चि. हरेश यास,
बाप देवजी याचे आशीर्वाद.

मी पत्र लिवीत नाय हे तुला ठावं हाय. पन अनिता लिवनार नाय असं एक सांगायचं हाय, म्हनून बसलो.

मागल्या सोमवारी वरच्या वाडीचा वालू सकाली पावसात भिजत खाली आला. म्हशींचे गले सुजलेत, एक मेली, असं सांगत व्हता. अनिता म्हनाली, घटसर्प. मुरबाडवरून लस आनली, बर्फाच्या डब्यात. तिच्या मागं बसनारा दवाखान्यातला गनू तापानं पडलेला. मी म्हटलं, चालत जाऊ. ती म्हनाली, बाबा, बर्फ थांबनार नाय. मंग मीच बसलो मागं, डबा मांडीवर घेऊन. आयुष्यात पयल्यांदा.

पाऊस असा की समोरचा बैल दिसू नये. ती पडली व्हती ते वलन आलं तवा मी डोले मिटले. गाडी जरा पन हलली नाय. डांबर संपलं तशी ती उतरली आनि चाकातली हवा सोडाय लागली. मी वरडलो, लोक हवा भरतात, तू सोडतेस! ती म्हनाली, बाबा, म्हशीचा खूर चिखलात कसा फाकतो? फाकतो म्हनून ती रुतत नाय. चाकाचं तसंच. अरे, मी जलमभर म्हशी राखल्या, खूर रोज बघितला. पन त्याचा असा विचार कदी केला नाय.

चढावर अर्ध्यात चाक जागीच फिराय लागलं. मला म्हनाली, उतरा. मी गुडघ्याएवढ्या चिखलात, डबा डोक्यावर. ती पायांवर उभी राहून, गाडीला शिव्या नाय, घाई नाय, हलू हलू वर गेली. वर जाऊन माझी वाट बघत उभी. मी हसलो का रडलो मला ठावं नाय, पावसात कलत नाय.

समद्या गुरांना सुई दिली. मी शिंगं धरत व्हतो. तानीची म्हैस मान टाकून पडलेली, तिला येगलं औषध दिलं. दुसऱ्या दिशी तिनं गवताला तोंड लावलं. आनखी एक गेली, पन बाकीची वाडी वाचली. वालू म्हनाला, आमच्याकडं औषध येतं ते गुरं गेल्यावर येतं, औंदा आधी आलं.

शहापूरचा मानूस परवा आला व्हता. मी सांगलं, गाडी इकायची नाय, आमच्या पोरीची हाय. तो गेल्यावर तुजी आई म्हनाली, अवो, ती हरेशची ना? मी इसरलोच रे. रागाऊ नको.

जीवाला जप. घरचे समदे तुजी वाट बघतात.
देवजी

॥ श्री ॥
लेह
१४ सप्टेंबर २००२

चि. अनितास,
दादाचे अ. उ. आ., आणि या खेपेला सॅल्यूटही.

बाबांचं पत्र आलं. मी भरती झालो तेव्हाही त्यांनी मला चार ओळी लिहिल्या नव्हत्या. वाचताना डोळ्यांत पाणी आलं, म्हणून उस्तादांना दाखवलं. त्यांना मराठी येत नाही, पण ते पत्र त्यांनी बराच वेळ हातात धरलं.

गाडी माझी आहे हे बाबा विसरले, ते बरंच झालं. मी आलो की आपण ती तुझ्या नावावर करू. मी पगारातून पैसे साठवून घेतली आणि मुरबाडच्या बाजारात मिरवली. तिच्यावरून मी कुणा अडलेल्याच्या दारी वेळेवर पोचल्याचं मला आठवत नाही.

दिवाळीला रजा मंजूर झालीय. कल्याणला गाडीतून उतरेन. तू स्टेशनबाहेर बुलेट घेऊन ये. घरी जायच्या आधी मला वरच्या वाडीत ने, तानीची म्हैस बघायचीय. चालवणार तूच. मी या गाडीवर मागे कधी बसलेलो नाही. वळणावर मागच्याने डोळे उघडे ठेवायचे की मिटायचे, ते बाबांना विचारून ठेव.

बहिणीच्या मागे बसायला निघालेला,
तुझा दादा,
हरेश