सातव्या गाळ्याचा ताबा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आलो एकदाचे! दोन ट्रंका, एक गुंडाळलेली गादी, ताईची पुस्तकं आणि मी. पुस्तकं माझ्यापेक्षा जड, आणि ताईच्या मते माझ्यापेक्षा कामाचीही.

ही डायरी जंताच्या औषधाच्या कंपनीने फुकट वाटलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी एक हसरी शेळी. ताई म्हणाली, तू कुठलीही गोष्ट महिनाभर टिकवलेली मी पाहिली नाही, निदान ही वही टिकव. म्हटलं, लागली पैज.

जागा झकास आहे. जनावरांचा दवाखाना गावाच्या टोकाला, मागे मोठं आवार, आवारात सात गाळ्यांची लांब शेड आणि शेडला लागून आमची खोली. खिडकी, दोन खाटा, नळाला चक्क पाणी! आधीचे डॉक्टर परवाच गेले म्हणे. घाईत गेले असावेत. चपला खाटेखाली तशाच आहेत, ब्रशही मगमध्ये. चपला माझ्या मापाच्या निघाल्या. वापरू का, म्हटलं तर ताईने असं पाहिलं की परत ठेवल्या.

दवाखान्याचे मालक, त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणतात, भले गृहस्थ वाटले. चहा दिला. मला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. शिक्षण विचारलं. दहावीपर्यंत, म्हटलं. पास, असं काही मी म्हणालो नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ताईचं सांगायचं राहिलंच. ती प्राण्यांची डॉक्टर आहे. कॉलेजची पाच वर्षं, मग सहा महिने गोठ्यांतून फुकट राबणं, मग तीन वर्षं नुसती वणवण. सरकारी जागांची परीक्षा दोनदा पुढे गेली, तिसऱ्यांदा रद्द झाली. कोंबडीखाद्याच्या कंपनीत वर्षभर ती मोटरसायकलवरून पोती विकत फिरली. शहरात लाडावलेल्या कुत्र्यांची नखं कापली. एक बाई तिला रोज विचारायची, माणसांच्या डॉक्टरकीला मार्क कमी पडले का गं? ताई हसून सोडून द्यायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

तिला एकच हवं आहे. जंगली प्राण्यांचं एक उपचार केंद्र आहे, तिथली जागा. जखमी बिबटे, अस्वलं, घारी. ते दरवर्षी कळवतात, एखादी केस स्वतंत्रपणे सांभाळल्याचा अनुभव आणा. इतर ठिकाणी म्हणतात, अनुभव नाही तर केस कशी देऊ? घोडं तिथेच अडलेलं. मी दहा कामं सोडली, मला कोणी अनुभव विचारला नाही. ही एवढी शिकली आणि हिलाच सगळे विचारतात. डोकं फिरतं नुसतं.

मोठे डॉक्टर मात्र म्हणाले, अनुभवाचं पत्र मी देतो. सातव्या गाळ्यात एक जुनी केस आहे, ती तुमच्या एकटीच्या नावावर. ज्या दिवशी तिचा ताबा दुसऱ्याला द्याल, त्या दिवशी पत्र हातात. आल्या आल्या तिची सहीही घेतली. केसपेपरात दोन रकाने आहेत, ताबा देणार आणि ताबा घेणार. देणाऱ्याच्या रकान्यात आधीच्या डॉक्टरांनी केव्हाच सही करून ठेवली होती.

ताईने त्या दिवशी आईला फोनवर सांगितलं, आई, माझी पहिली स्वतःची केस. 

बुधवार, १२ फेब्रुवारी

दिवसभर कुत्र्यांची रांग. लसीकरणाची कार्डं मी भरतो, गठ्ठा ताईपुढे धरतो, ती डाव्या हाताने कुत्रं दाबून उजव्याने सह्या ठोकते. वाचतबिचत नाही. काल मी एका कार्डावर मालकाच्या जागी कुत्र्याचं आणि कुत्र्याच्या जागी मालकाचं नाव घातलं, तरी सही! मालकाला रेबीजची लस दिल्याचा दाखला घरी गेला. ताई लाल झाली. ड्रेसरकाका, म्हणजे इथले जुने पट्टी बांधणारे, खोकला येईपर्यंत हसले.

हां, सातवा गाळा. बाकी गाळ्यांत दोन गायी, एक लंगडी शेळी, एक खेचर. सातव्याला अर्धं दार, आत गवत. मी वाकून पाहिलं, काहीच नाही. गवत मध्ये दबलेलं, एवढंच. म्हटलं, ताई, केस पळाली तुझी. ती म्हणाली, गप, कोपऱ्यात आहे, नीट बघ. मी नीट बघितलं. तिच्या मते मी आयुष्यात कुठलीही गोष्ट पंधरा मिनिटांवर नीट बघितलेली नाही. हे खरं आहे, म्हणून मी वाद घातला नाही.

काकांना विचारलं, तुम्हाला दिसतं का? ते घमेलं दाराखालून सरकवतात आणि रिकामं झालं की ओढून घेतात, अठरा वर्षं. म्हणाले, ज्याची केस त्याला दिसते बाबा, आपल्याला काय करायचंय.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

ताई म्हणते, तो बिबट्या आहे. मादी, वर्षभराची, मागच्या पायाला जुनी जखम.

बिबट्या असता तर खेचर असं शांत उभं राहिलं असतं का? मी विचारलं. ताई म्हणाली, वासाची सवय होते त्यांना. शिकलेल्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं.

आज दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी जुना केसपेपर चाळला. उशीएवढा जाड, दोऱ्याने शिवलेला. रोज दोन वेळचं तापमान, खाणं, सही. प्राण्याच्या रकान्यात एका डॉक्टरांनी वर्षभर लिहिलंय, घोडी. त्याच्या पुढच्याने, गाय, उत्तम दुधाची. आधीच्या डॉक्टरांनी, शिकारी कुत्रा, परदेशी जात. आता ताईच्या अक्षरात, बिबट्या. गाळा तोच, केसचा नंबर तोच.

ऑफिसात एक फळा आहे, इथून कोण कुठे गेलं त्याचा. घोडीवाले शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यावर. गायवाले मोठ्या दूधसंघात. कुत्रावाले परदेशी विद्यापीठात. ज्याला जे हवं होतं, त्याला गाळ्यात तेच दिसलं.

मला काहीच व्हायचं नव्हतं कधी. म्हणून मला गवत.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

तापमान ताई आत जाऊन घेते आणि थर्मामीटर माझ्या हातात देते, मी लिहितो. आज लिहिताना हात थांबला. सकाळी ९८.६. संध्याकाळी ९८.४. मागची पानं उलटली. घोडी, ९८.६. गाय, ९८.४. कुत्रा, ९८.६.

भिंतीवर तक्ता आहे. गाय १०१.५. घोडा १००. शेळी १०३. कुत्रा, मांजर १०१.५. कोंबडी १०६. अठ्ठ्याण्णव कोणाचंच नाही.

अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा मला कुठे माहीत आहे? शाळा बुडवायला मी काखेत थर्मामीटर धरून बसायचो आणि आई पारा बघून म्हणायची, काही झालेलं नाही, ऊठ.

ताईला सांगितलं. आधी हसली, मग चिडली. जंगली प्राण्याचं वेगळं असतं, अशक्तपणात उतरतं, तुला काय कळतंय. म्हटलं, अशक्तपणात घोडीचं, गायीचं, कुत्र्याचं सगळ्यांचं बरोबर तेवढंच उतरतं? तिने माझ्या हातातून पेपर ओढून घेतला. पाच वर्षं शिकलेली माझी बहीण! जे दहावी नापासाला दिसतं ते तिला दिसत नाही, कारण तिला ते बघायचंच नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

पत्र आलं! उपचार केंद्राचं. ताईची निवड झाली. ३ मार्चपर्यंत हजर व्हा, स्वतंत्र केसचं अनुभवपत्र सोबत आणा, नाहीतर पुढचा उमेदवार.

मी खोलीत नाचलो. ताईने पत्र वाचलं, घडी केली, उशीखाली ठेवलं आणि सातव्या गाळ्याकडे गेली. दोन तास. परत आली तेव्हा म्हणाली, आत्ता कसं सोडून जाऊ हिला, माझ्या हातून खायला लागलीय.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

समजावून थकलो. आईनेही फोनवर समजावलं, रडली, ओरडली. पालथ्या घड्यावर पाणी. ताई जेवत नाही. गाळ्यातच बसते, दारावरून फक्त डोकं दिसतं, आणि कुणाशी तरी हळू बोलत असते. तीन वर्षं ज्या पत्रासाठी रडली ते उशीखाली पडलंय. आणि ही गवताशी बोलतेय.

मोठ्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं, तिला मोकळं करा. ते म्हणाले, मी कुठे बांधलंय? ताबा घेणारा कोणी आणा. डॉक्टरच पाहिजे का, मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, सही करता आली की झालं.

मला येते की सही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

केलं.

सकाळी लसीच्या कार्डांच्या गठ्ठ्यात ताब्याचं पान मध्ये सरकवलं. एका हाताखाली कुत्रं होतं. तिने सही ठोकली. देणार, ती. घेणार, मी. मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शिक्का मारला आणि अनुभवपत्र लगेच दिलं, टाइप करून तयारच होतं.

ती चिडेल, पण उद्याच्या बसमध्ये बसली की उतरेल राग. तिकीट काढायला स्टँडवर गेलो. वाटेत एका सायकलवाल्याची साखळी बसवून दिली, त्यात वेळ गेला. कशाला थांबलो?

परत आलो तर ताई नाही. ट्रंक आहे. चपला आहेत. निवडीचं पत्र उशीखाली आहे. मोठे डॉक्टर म्हणाले, गेल्या त्या, सगळे असेच घाईत जातात. ते फळ्यावर खडूने लिहीत होते.

तिकीट माझ्या खिशात आणि ती गेली? न सांगता? पत्र न घेता? मी एवढं केलं तिच्यासाठी आणि — चपला न घालता कोण जातं?

शनिवार, १ मार्च

केंद्रात फोन केला. आलेली नाही. आईकडेही नाही. मग फळा बघून तबेल्यात फोन लावला, तिथला म्हातारा कारकून म्हणाला, हो, निवडले होते एकाला, अनुभवपत्राची वाट पाहिली, हजर झालाच नाही. दूधसंघ, तेच उत्तर. विद्यापीठाचा नंबर नाही.

खाटेखालच्या त्या दुसऱ्या चपला —

काकांना गाठलं. खरं सांगा म्हटलं. ते म्हणाले, घमेलं मी सरकवतो, बाकी मी काही पाहिलेलं नाही. आणि रडायला लागले. अठरा वर्षं!

ताबा घेणारा नाही अडकत. देणारा अडकतो. मी तिची सही —

मी घेतली. फसवून.

रविवार, २ मार्च

पोलिसांत गेलो. त्यांना पेपर दाखवला. सही तिची, सही तुमची, मग तक्रार काय?

गाळ्याकडे अजून गेलेलो नाही. कालपासून तापमानाचे रकाने रिकामे. केस माझी आहे. घमेलं भरलेलं परत येतंय. काका म्हणाले, खात नाही, तुझ्याशिवाय नाही खायचं.

सोमवार, ३ मार्च

सकाळी गेलो.

आता गवत नाही दिसत.

ताई आहे. कोपऱ्यात, गुडघे पोटाशी, अंगात पांढरा कोट. बोलत नाही. हात लावला, उबदार. ९८.६. बरोबर आहे ना? माणसाचं तेवढंच असतं. बरोबरच आहे.

मला हवी होती तीच दिसतेय म्हणजे — नाही. तो विचार करायचा नाही. घोडीवाल्याला घोडी हवी होती. मला माझी बहीण हवीये, आणि माझी बहीण खरंच इथे आहे. फरक आहे. फरक आहे ना?

भाकरीचा तुकडा तोंडाशी धरला. खाल्ला.

केंद्राची मुदत आज पाचला संपते.

सोमवार, दुपार

साधं आहे. देणारा आत जातो. मग मी देणार, ती घेणार. ती बाहेर, मी आत. पत्र तयार आहे, तिकीट बदलून मिळेल. सहीच तर करायची.

मला तसंही कुठे जायचं होतं?

ताब्याचं पान घेऊन आत बसलोय. माझी सही केली. दाराबाहेर मोठे डॉक्टर उभे आहेत, हातात शिक्का. घाई करत नाहीत. काका दिसत नाहीत.

तिला समजावून सांगितलं. समजलं तिला. मान हलवली. हसली. पहिल्यांदा हसली. हात पुढे केला.

डावा.

ताई उजव्या हाताने — असू दे, तीन दिवस अंगाखाली दाबून उजवा अवघडला असेल. अशक्तपणात होतं तसं. बोटंही जरा — असू दे. ताईच आहे. ताई, इथे, या रकान्यात. घे, हे पेन