वैशालीच्या वाटणीचं अर्धं

११ एप्रिल, मोताळा
गणिताचा पेपर पुढे गेला. ऑब्जेक्टिव्ह की लेखी, विद्यापीठाचं अजून ठरत नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "आमालेच पत्र नाही आलं, तुमाले काय सांगू?" वैशालीचं लग्न मात्र ठरल्या तारखेलाच. आधी पेपर, मग लग्न, असा हिशोब तिच्या बाबांनी केला होता. आता उलटं झालं. शेवटचं वर्ष, हा पेपर राहिला की तिची डिग्री राहते.

१२ एप्रिल
पहिल्या वर्षापासून आमची वाटणी. ॲनालिसिस माझं, अल्जेब्रा वै.चं. आपापलं वाचायचं आणि बसस्टँडच्या बाकावर एकमेकींना तोंडी शिकवायचं. नोट्स काढायच्या नाहीत, हा आमचा अतिशहाणपणा. आज तिचं पुस्तक घेऊन एकटीच बसले. ग्रुपची व्याख्या कळली, पुढे सगळा अंधार. बाकावर शेजारी कोणीतरी पिशवी ठेवली, त्याचाही राग आला.

१४ एप्रिल
जयंती. वै. दरवर्षी आमच्याकडे खीर खायला येते. यंदा तिला बाहेर पडू देत नाहीत. आईने तिची वाटी काढून ठेवली होती. संध्याकाळी मीच खाल्ली, गोड लागली नाही.

२२ एप्रिल
लग्न झालं. मेहकरला गेली. तिच्या सासूबाई मांडवात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरगी हुशार हाये, पेपरले आमी काऊन अडवू?" लोकांनी माना डोलावल्या. पाठवणीच्या वेळी वै. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "माह्यं अर्धं सोडू नको वं." घरी येऊन पोटभर रडले. आईने चहा ठेवला.

३ मे
लेखी. नक्की झालं. सगळी प्रमेयं सिद्ध करून लिहायची. कॉलेजच्या ग्रुपवर नुसत्या शिव्या. वै.ला मेसेज केला. अजून पाहिला नाही.

८ मे
दुपारी वै.चा फोन! मागे भांडी वाजत होती. "पटपट ऐक, मंग कोणी बलावते." कोसेटपासून रिंगपर्यंत सगळं अल्जेब्रा. मधे कोणीतरी हाक मारली, गेली, परत आली, सोडलं होतं तिथूनच पुढे. इतकं सुंदर तिने कधीच शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, आता माझं घे, युनिफॉर्म कंटिन्युइटी.
"राहू दे न."
"काऊन?"
"राहू दे. तू चांगलं लिहिजो."
पाठवत नाहीत का, विचारलं. "पाहू," म्हणाली.
तिने माझं अर्धं मागितलंच नाही. तेव्हा काय ते कळलं. तरी मी सांगायला लागले, एप्सिलॉन, डेल्टा, एकही पायरी न गाळता. ती हूं हूं करत राहिली. फोन ठेवला नाही.

१२ मे
कॉलेजच्या गेटवर. वै.चा नंबर माझ्या मागच्याच बाकावर आहे, यादीत पाहिला. तिचं हॉल तिकीट मीच काढून आणलंय. तिला बारीक टोकाचं पेन लागतं, तेही घेतलं. पोरं आत चालली. वॉचमनकाका म्हणाले, "चाल बाई, घंटी होते." म्हटलं, थांबा, मेहकरची गाडी यायची आहे. ते म्हणाले, "थे तं कवाचीच गेली."
दुसरीने येत असेल. बुलडाण्याला गाडी बदलून येतातच की लोक. घंटी