रंधा न मारलेली पेटी

१४ मार्च, सकाळी, दुकानातून

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आम्ही मजेत आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा बरा आहे, निदान माझ्यावर ओरडत जिना चढण्याइतका तरी. दोन वर्षांनी लिहितोय म्हणून दचकू नकोस, कोणी आजारी नाही.

बातमी अशी की रानातल्या धनेशांच्या घरट्यांवर आता गावाचा पहारा असतो. पहाटेची पाळी बेकरीवाल्याची, कारण तो तसाही जागाच असतो. दुपारी शिंपी दुर्बीण घेऊन बसतो. त्याने वहीत नराच्या चोचीचं माप लिहिलंय, अंदाजे, इंचात. तू ज्यांच्याबरोबर रान पालथं घालायचीस, त्या शाळेतल्या बाई सगळ्यांना धाकात ठेवतात.

ढोली असलेली जुनी झाडं फारशी उरली नाहीत, म्हणून बाईंनी मला घरट्यासाठी लाकडी पेटी करायला सांगितली. मी हुरळून गेलो. बारा दिवस खपलो. आतून-बाहेरून रंधा, वर पॉलिश, सांधे असे की नख जाणार नाही. सगळं गाव बघायला आलं, धनेश तेवढे आले नाहीत. अख्खा हंगाम पेटी रिकामी राहिली. शेवटी बाईंनी ती उतरवून आत हात घातला.

"दादा, पेटी झकास आहे. पण पिल्लू या भिंतीला नखं कुठे रोवणार?"

चाळीस वर्षांत गुळगुळीतपणाबद्दल माझ्या कामाला कोणी नावं ठेवली नव्हती. दोन दिवस मी घरात बोललो नाही. वहिनी म्हणाली, बरं वाटलं.

मग दुसरी केली. तिचं लाकूड मागच्या शेडमध्ये गोणपाटाखाली होतं. तू पाच वर्षं ज्या ढोलीची वही ठेवलीस ना, तिचंच. सगळं झाड चौकटींत गेलं असं मी तुला म्हणालो होतो, पण ढोलीच्या तुकड्याला करवत लावायला माझा हात धजला नाही.

आता एवढं लिहिलंच आहे तर उरलेलंही लिहितो. झाड पाडण्याआधी ढोलीत पाहिलं होतंस का, असं तू विचारलं होतंस. मी हो म्हणालो. मी पाहिलं नव्हतं, धाकटे. गिऱ्हाईक घाई करत होतं, शिडी दुकानात राहिली होती आणि मला परत यायचा कंटाळा आला. झाड आडवं झाल्यावर पाहिलं. ढोली रिकामी निघाली, पण पाडताना मला ते माहीत नव्हतं. तू खोटं ओळखलंस आणि निघून गेलीस. मी मात्र लोकांना सांगत राहिलो की एका झाडापायी बहिणीने भाऊ तोडला. मला त्याची फार लाज वाटते.

तर त्या तुकड्याला वर-खाली खडबडीत फळ्या ठोकल्या आणि तो जुन्या जागेजवळच्या झाडावर बांधला. इतकं बेढब काम माझ्या हातून कधी झालं नाही. नऊ दिवसांपूर्वी मादी आत शिरली आणि चिखल-विष्ठेने दार लिंपून बसली. फक्त एक फट ठेवलीय, तिच्यातून नर दिवसभर फळं भरवतो. पोस्टमन पत्रं वाटायची सोडून बघत बसला, बाई रडल्या, आणि मीही रडलो. तिचं लिंपण अगदीच ओबडधोबड आहे, पण मी काही बोललो नाही.

रविवारची सकाळ बाईंनी कोणालाच दिलेली नाही. बेकरीवाल्याने मागितली तर म्हणाल्या, ती जागा भरलेली आहे. तोवर मी तिथे बसतो. नोंदी तुझ्याच जुन्या वहीत करतो, तुझ्या शेवटच्या ओळीच्या खाली चार बोटं जागा सोडून.

पिल्लू बाहेर यायला अजून तीन-चार महिने आहेत. तेवढ्यात राग गेला नाही तर रागातच ये. मला ऐकवायचं ते झाडाखाली ऐकव, फक्त हळू आवाजात.

तुझी पाळी तात्पुरती सांभाळणारा,
दादा