देवापुढे भरलेली गोळी

२१ सप्टेंबर, रविवार

पाच गोळ्या झाडल्या. कागदावर भोकं दोन. बाकीच्या मागच्या मातीच्या ढिगाऱ्यात. ढिगारा मात्र झकास टिपला!

रेंजवर शिकवणारी वर्षा माझ्या लेकीच्या वयाची. म्हणते, "काका, ट्रिगर ओढू नका, दाबा. श्वास अर्धा सोडून मग दाबा." मला शिकवते! सिद्धगडाच्या पायथ्याला वडिलांनी माझ्या हातात ही रायफल दिली, तेव्हा हिचा बाप चड्डीत असेल. पण इथं तरी खरं लिहितो — श्वास ठीक होता, बोटही ठीक होतं. नळीच्या टोकावरची माशीच दिसत नाही. नेम धरायचा तो कशावर? होळीपासून उजव्या डोळ्यावर साय धरल्यासारखं झालंय.

भगीरथ सोबत आला होता. मागं बाकावर बसून गोळ्या कुठं लागतात ते बघत होता. लहानपणापासून आम्ही एकत्र रान तुडवलं. परतताना मुरबाड स्टँडवर त्यानं चहा पाजला.

२८ सप्टेंबर, रविवार

डुकरं मारायची परवानगी आली. कागदावर रायफलवाला म्हणून माझं एकट्याचं नाव. पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडं परवाना नाहीच. ठकूबाईचं अख्खं खाचर डुकरांनी लोळवलंय, भात ऐन दाण्यात आलेलं. मला बघून म्हणाली, "जयरामभाऊ, तुमी हाव म्हनून धीर हाय." घरी येऊन आमटी खारट म्हणून उगाच बायकोवर, शकूवर ओरडलो. आमटी खारट नव्हती.

२ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजा केली. मी झेंडूचं फूल वाहिलं. शकू हळूच म्हणाली, "अवो, फूल खाली पडलं."

पडलं नव्हतं. मी जमिनीवरच वाहिलं होतं.

५ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा रेंज. आज आणखी वाईट. वर्षा म्हणाली, "काका, डावा डोळा चांगला असेल तर डाव्या खांद्यावर घेऊन बघा. लाज कसली?" मी म्हणालो, आमच्यात कुणी डावखुरा जन्मला नाही. हसली नाही ती.

मग तिचं नेहमीचं पालुपद — रायफल हातात आली की आधी बोल्ट ओढून आत बघायचं, भरलेली असो वा नसो, कुणीही दिलेली असो. मी तिला आमची रीत सांगितली. रान उठवायच्या, हाक्याच्या दिवशी पहिल्या गोळीला कुंकू लावून ती देवापुढं भरायची, घरच्या बाईच्या हातून रायफल घ्यायची. त्यानंतर पहिला बार होईपर्यंत बोल्टला हात लावायचा नाही. लावला तर देवावर विश्वास नाही असं होतं. ती म्हणाली, "देवावर ठेवा की विश्वास. रायफलीवर नको."

भगीरथ बाकावरून कान देऊन ऐकत होता. तिला म्हणाला, "पोरी, त्यो बोल्ट परत कसा वढायचा त्ये दाव गो." कसला नाद लागलाय याला या वयात!

९ ऑक्टोबर, गुरुवार

डोळे दाखवायला कल्याणला निघालो. स्टँडवरूनच परत आलो. डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेला शिकारी! गाव हसून हसून मरेल.

११ ऑक्टोबर, शनिवार

उद्या हाका.

माणसं डबे वाजवत रान उठवणार. डुकरं पळत ओढ्याच्या नाक्यावर येणार, तिथं मी. आणि सगळ्यांच्या पुढं, डबा न वाजवता, माग काढत एकटा चालणार भगीरथ. दर वेळी तोच चालतो. डुक्कर आणि तो यांत कधी कधी दहा-वीस पावलांचंच अंतर असतं. आजवर मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मला दिसत होतं.

मला भीती वाटते. कुणाला तरी सांगायला हवं. सांगितलं तर परवानगी वाया, भात वाया, आणि मी? मी कोण उरतो मग? बघू, कदाचित उद्या ऊन स्वच्छ पडेल.

सांजच्याला दुकानात गेलो होतो, तेवढ्यात भगीरथ घरी येऊन गेला म्हणे. शकूला विचारलं कशाला, तर म्हणाली, "असाच."

१२ ऑक्टोबर, रविवार



सकाळी शकूनं गोळीला कुंकू लावलं. मी ती देवापुढं भरली. मी पडवीत चहा प्यायलो, मग तिनं रायफल आणून हातात दिली. रीतीप्रमाणे बोल्टला हात लावला नाही.

नाक्यावर बसलो. डबे जवळ आले. करवंदीच्या जाळीतून काळं काही तरी खाली वाकून, हळूहळू पुढं सरकलं. मी श्वास अर्धा सोडला. दाबला.

टक!

बार नाहीच. आणि ते काळं उभं राहिलं. पायातला काटा काढून भगीरथानं खांद्यावरची घोंगडी सारखी केली आणि माझ्याकडं चालत आला. "बार का नाय टाकला रे जयरामा? तुज्या डाव्या अंगानं ग्येलं की डुक्कर!"

तो गेल्यावर बोल्ट ओढला. आत गोळी नाही! खिशात गोळ्या होत्या, त्यांना शिवलो नाही. रायफल मांडीवर आडवी ठेवून तिथंच बसून राहिलो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मी गोळी भरली होती. भरली होती ना? डोळा गेला, आता डोकंही गेलं का?



१४ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी शकूनं ताटाशेजारी गोळी ठेवली. कुंकू तसंच.

"मीच काढली," म्हणाली. "भगीरथदादा त्या सांजला त्येच सांगाया आलता. म्हनला, वैनी, त्याला चारचौघांत नाय म्हनू नको, त्याचा मान जाईल. गोळी तेवडी काढून ठेव. बोल्ट कसा वढायचा त्ये पन त्यानंच दावलं."

म्हणजे मी नेम धरून बसलोय हे ठाऊक असताना तो पुढं चालत होता. माझी रीत त्याला पाठ. मी बोल्टला हात लावणार नाही, या भरवशावर.

आणि परवा लिहिलं नाही, पण मी नाक्यावर बसल्या बसल्या हात लावला होता. वर्षाचं बोलणं डोक्यात घोळत होतं, बोटं बोल्टवर होती. ओढला असता तर रिकामी बघून तिथंच दुसरी भरली असती. ओढ्यापलीकडं कुणी तरी खोकलं, रीत मोडताना बघेल म्हणून सोडला.