माझ्या रक्ताचा निकाल

मी, खाली सही करणारी, वय एकोणसाठ, अविवाहित, आनुवंशिक स्तनकर्करोगाच्या प्रयोगशाळेत नोकरीस, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. भावाने काल दडपण आणून पाहिले, ते फुकट गेले. परवा माझ्या स्तनाच्या गाठीची शस्त्रक्रिया आहे, म्हणून ही घाई.

१. राहते घर भावाच्या दोन्ही मुलींना समान. मोरीचा नळ गळतो. दुरुस्तीला त्यांनी आपल्या बापाला बोलावू नये, तो आणखी बिघडवतो.

२. माझी बचत तपासणीला लांबून येणाऱ्या बायकांच्या प्रवासखर्चासाठी.

३. माझी खुर्ची प्रयोगशाळेच्या प्रमुखांना. माझ्या कामाखाली स्वतःचे नाव घालताना ते नेहमी उभे असत. आता बसून घालावे.

४. आई आणि मावशी याच आजाराने गेल्या. त्यामागचा जनुकातला दोष माझ्या रक्तात सापडला आहे. भाऊ तपासणी करून घेत नाही. म्हणतो, "हा बायकांचा आजार, ताई. आणि माझ्या पोरी त्यांच्या आईवर गेल्यात." याचे नाक आमच्या आईचे, संताप आमच्या आईचा, आणि म्हणे तेवढा दोष घेतला नाही! तो आईकडून मुलाकडे आणि मुलाकडून त्याच्या मुलींकडे जाऊ शकतो, हे मी परक्या बायकांना रोज समजावते. घरात मात्र माझ्या तोंडाला कुलूप: "पोरींना घाबरवलंस तर आपलं नातं संपलं." मला त्याचा राग येतो. कीवही येते, आजारी आईला उचलून जिने उतरणारा तोच होता. त्याच्या रक्ताबद्दल मी काही सांगू शकत नाही. माझा रिपोर्ट मात्र माझ्या मालकीचा आहे. तो माझ्यामागे दोघी मुलींना द्यावा.

हे वाचून वकीलबाई म्हणाल्या, "मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर उघडतं. तोवर काय?"

धाकटी बत्तीस वर्षांची आहे. मावशी तेहेतिसाव्या वर्षी गेली.

सबब कलम चार मी खोडले आहे. दोघींना फोन करून बोलावले. त्या आत येऊन बसल्या आहेत, त्यांच्या मागोमाग भाऊही आला आहे आणि दारावर थापा मारतो आहे: "ताई, आधी माझ्याशी बोल!" बाकीची कलमे कायम. रिपोर्ट मी जिवंतपणी, माझ्या हाताने, त्याच्यादेखत देणार आहे.

सही: ताई

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही केली:
१. वकीलबाई
२. वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई

तारीख: १४ नोव्हेंबर
ठिकाण: राहते घर, दार उघडण्यापूर्वी