दुकान वाढवलं

माउंट रॉस्किल, ऑकलंड
६ ऑगस्ट २००६

चि. प्रमोदिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सोबतचं मेतकूट कस्टमवाल्यांनी अडवलं. बसले असतील वास घेत! तुझी वहिनी मालती बरी आहे. नात गार्गी एवढ्या थंडीत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून डेअरीत जाते. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान. दुधाचा संबंध असलाच तर असला. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं छान चाललंय.

मुख्य बातमी अशी, की आमच्या परेशने सँडरिंगहॅमचं दुकान परवा वाढवलं. समोर ते मोठं स्टोअर आल्यापासून त्याच्या डोक्यात होतंच. तुझ्या प्रसन्नने त्याला उसने दिलेले पैसे अजून फिटायचे आहेत, म्हणून परेशला स्वतः सांगायचा संकोच वाटतो. आतेभावाची एवढी कसली लाज, मला कळत नाही. तूच प्रसन्नला वेलिंग्टनला फोन करून कानावर घाल. जास्त लिहीत नाही, तू समजशील.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझा दादा, बाळासाहेब

पुणे
२० ऑगस्ट २००६

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

दुकान गेल्याचं वाचून मी देवापुढे बसून रडले. किती हौसेने थाटलं होतं पोराने! मग प्रसन्नला फोन लावला आणि तुझी ओळ जशीच्या तशी वाचून दाखवली.  तो म्हणाला, वा, स्वीट ॲज, म्हणजे तिकडचं 'झकास', आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी सूनबाईंचा, विनिताचा फोन. प्रसन्न वकिलाकडे गेलाय, सगळे पैसे महिनाअखेर परत हवेत म्हणतो. दादा, बुडत्याच्या डोक्यावर पाय देणारा मुलगा माझ्या पोटी कसा आला? वर विनिता विचारते, आता दुकान केवढं झालंय? मला तो टोमणाच वाटला. मी तिलाही बोलले. पण राहून राहून नवल वाटतं. लहानपणी परेशला ताप आला की हाही जेवत नसे. आता एवढं काय बिनसलं?

वहिनींना नमस्कार. आमच्यावर रागावू नये.
तुझी प्रमोदिनी

माउंट रॉस्किल
१ सप्टेंबर २००६

चि. प्रमोदिनीस अनेक आशीर्वाद.

गार्गीकडून हे पत्र स्कॅन करून ईमेलने धाडतोय, कारण घाई आहे. वकिलाची नोटीस आली. परेश व्हॅन विकायला निघालाय, घरावर आणखी कर्ज काढतो म्हणतो. प्रसन्नचं नाव काढलं की भरल्या ताटावरून उठून जातो.

नोटिशीत एक वाक्य असं, की धंद्याच्या विस्ताराला पैसे आहेत तर माझे द्यायला का नाहीत? कसला विस्तार? मी चार वेळा वाचलं. शेवटी मालतीला वाचून दाखवलं, तर ही पदर तोंडाला लावून हसायला लागली. ही पोस्टमास्तरांची मुलगी. लग्न होऊन सांगलीला आली तेव्हा आपले बाबा रोज रात्री दुकान वाढवून घरी येत. हिने माहेरी कळवलं होतं, की सासरे रोज दुकान मोठं करतात!

प्रमोदिनी, आपल्या दुकानदारांच्या घरात दुकान 'बंद' कोणी म्हणत नाही, अशुभ म्हणून; 'वाढवलं' म्हणतात. पण प्रसन्न वाढला तुझ्या बँकेच्या क्वार्टर्समध्ये. त्याला कोण सांगणार? त्याला वाटलं, आपल्या पैशावर याने मजले चढवले. आता लगेच त्याला फोन कर. मला तो शब्द उच्चारवत नाही, तू स्पष्ट सांग.

दादा

पुणे
२ सप्टेंबर २००६

ती. दादांस सा. न. वि. वि.

सांगितलं. म्हटलं, अरे, बंद झालं दुकान, कायमचं.  तिकडून त्याचा लहानपणीसारखा हुंदका आला. शनिवारी ऑकलंडला येतोय. परेशला आधी सांगू नकोस, नाहीतर तो घरी थांबायचा नाही.

लोभ वाढवावा, असं लिहायचीही आता भीती वाटते बाई.
प्रमोदिनी

माउंट रॉस्किल
१७ सप्टेंबर २००६

चि. प्रमोदिनीस अनेक आशीर्वाद.

प्रसन्न आला. परेश दुकानातल्या मांडण्या खोलत होता. याने कोट काढून ठेवला आणि दुसरं टोक धरलं. संध्याकाळपर्यंत दोघं फक्त स्क्रू आणि पान्याचंच बोलत होते. मी डाळींची रिकामी पिंपं पुसत बसलो, जीव मुठीत धरून.

शेवटी परेश म्हणाला, नोटीस बरोबरच आहे, पैसे मी देईन. त्यावर प्रसन्न भडकला, पण स्वतःवरच. नोटिशीबद्दल त्याने हात जोडून माफी मागितली. पण पैसे सोडले म्हणाला नाही, आणि तेच मला आवडलं. जमेल तसं दे म्हणाला. मग हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "सहा महिने तू बुडत होतास, आणि मला फोनवर सगळं मस्त म्हणत होतास. हप्ता चुकला तर चालेल परेशदादा, फोन चुकवायचा नाही." परेश खाली बसला आणि मोठ्याने रडला. मीही रडलो, लपवत नाही.

काल हप्त्याचा दिवस होता. हातात पैसे नव्हते. परेश कितीतरी वेळ फोनपाशी घुटमळला, मग लावला. मी दाराशी उभा राहून ऐकलं. दोघं क्रिकेटवर भांडले, विनिताच्या ड्रायव्हिंगवर हसले, पैशांचं नाव कोणी काढलं नाही. फोन ठेवून परेश स्वयंपाकघरात आला आणि आईला म्हणाला, भूक लागलीय.

सुखी राहा.
तुझा दादा